जिन्याखालची बॅटरी हातगाडीवर चढवू नका

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की घराघरांतून कायकाय बाहेर निघतं. रद्दी निघते, कान तुटलेले कप निघतात, गंजलेली सायकल निघते. आणि जिन्याखालून निघते इन्व्हर्टरची जुनी बॅटरी. पन्नास-साठ किलोचं धूड, दोघांनी धरल्याशिवाय हलत नाही. नेमकी तेव्हाच गल्लीत आरोळी येते. भंगारवाला गाडी थांबवतो, बॅटरी जराशी कलती करून वजनाचा अंदाज घेतो आणि एक आकडा बोलतो. नव्या बॅटरीच्या दुकानदाराने सांगितलेल्या रकमेपेक्षा तो दोन-चारशे रुपयांनी जास्त असतो. अडगळ जाणार, वर चार पैसे येणार. कोण नाही म्हणेल?

तुम्ही म्हणा. कृपा करून या वेळी तुम्ही नाही म्हणा.

त्या पेटीच्या वजनातलं साधारण निम्मं, कधी त्याहूनही जास्त वजन नुसत्या शिशाचं असतं. म्हणजे तुमच्या जिन्याखाली पंचवीस-तीस किलो शिसं पडलेलं आहे. सोबत गंधकाम्ल, ज्याला आपण बॅटरीचं ॲसिड म्हणतो. पेटी बंद आहे तोवर ते कुणाच्या वाटेला जात नाही. उलट त्याने तुमच्या घरात वर्षानुवर्षं दिवा लावला आहे. भारनियमनाचे ते दिवस आठवा. दहावीच्या परीक्षेला बसलेल्या पोरीच्या पुस्तकावर उजेड याच पेटीने पाडला होता. पण पेटी फुटली की सगळं बदलतं. ती कुठे फुटणार, कुणाच्या हातून फुटणार, हे ठरतं तुमच्या दारात, भाव ठरताना.

हातगाडीवरून बॅटरी भंगाराच्या गोदामात जाते. तिथून मोठ्या व्यापाऱ्याकडे. आणि तिथून फार वेळा गावाबाहेर, ओढ्याच्या काठाला, पत्र्याच्या आडोशामागे पेटलेल्या एखाद्या चोरट्या भट्टीवर. तिथे कुऱ्हाडीने पेटी फोडतात. ॲसिड जमिनीत ओततात. आतल्या प्लेटा हाताने ओढून काढतात आणि कढईत टाकतात. लोखंड वितळवायचं तर मोठा कारखाना उभारावा लागतो. शिसं ३२७ अंश सेल्सिअसलाच वितळतं. एक खड्डा, थोडा कोळसा आणि एक पंखा, एवढ्यावर त्याची भट्टी चालते. म्हणूनच ती कुणाच्याही परसात चालू शकते. वर धूर जातो, खाली राख उरते, आणि बारीक करडी धूळ आसपासच्या घरांवर, चुलीवर, वाळत घातलेल्या पापडांवर, रांगणाऱ्या बाळाच्या तळहातांवर बसते.

त्या धुळीला ना वास, ना सांगता येईल अशी चव, ना ती डोळ्यांना खुपते. पोरं मातीत खेळतात. खेळता खेळता बोटं तोंडात घालतात. पोटात गेलेलं शिसं मोठ्या माणसाच्या मानाने मूल चार-पाच पट जास्त शोषून घेतं. ज्याच्या अंगात लोह कमी, त्याच्या अंगात ते आणखी भिनतं. आपल्याकडे अशक्त, पांढरीफटक मुलं किती आहेत, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आधी काही कळतच नाही. पोट दुखतं, जंत झाले असतील म्हणतात. भूक मरते, नजर लागली म्हणतात. पोर चिडचिडं होतं, अभ्यासात लक्ष लागत नाही, शिकवलेलं राहत नाही. शाळेत त्याला मठ्ठ म्हणतात, घरी मार बसतो. आणि खरं कारण त्याच्या रक्तात फिरत असतं. मेंदूची जी हानी होते ती पुढे भरून येत नाही. औषधाने रक्तातलं शिसं उतरवता येतं, गेलेली बुद्धी परत आणता येत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिशाची अमुक इतकी मात्रा चालेल अशी पातळीच माहीत नाही. रक्ताच्या डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम भरलं की हे कुठून आलं ते शोधा, असं तिचं सांगणं आहे. चार वर्षांच्या मुलाच्या अंगात सव्वा लिटरच्या आसपास रक्त असतं. हिशेब करून पाहा. त्या सगळ्या रक्तात मिळून इतकं शिसं साखरेच्या एका दाण्याहूनही कितीतरी हलकं भरतं. आणि तुमच्या बॅटरीत ते पंचवीस किलो आहे.

म्हणून सांगते, दोन-चारशे रुपयांसाठी ती सोडू नका.

मी सोडली होती. काही वर्षांपूर्वी आमच्या इन्व्हर्टरची बॅटरी मी अशीच दारावरच्या गाडीवर चढवली. तीनशे रुपये जास्त मिळाले. ‘कुठे नेता हो ही?’ असं सहज विचारलं, तर तो म्हणाला, ‘शेठकडे. शेठ भट्टीवाल्याला देतो.’ मी पुढे काही विचारलं नाही. दार लावलं. भट्टी म्हणजे काय आणि तिच्या शेजारी कोण राहतं, हे मला खूप उशिरा कळलं. ती बॅटरी आता मला परत आणता येत नाही. तुमची मात्र अजून तुमच्याच घरात आहे.

तेव्हा एवढं करा. नवी बॅटरी घ्याल त्याच दुकानात जुनी परत द्या. घ्यायच्या आधीच विचारा, ‘जुनीचे किती कमी कराल?’ ती रक्कम पावतीवर लिहून घ्या. मग दुसरा प्रश्न विचारा, आणि हा विचारायला लाजू नका: ‘जुनी बॅटरी तुम्ही पुढे कुणाला देता?’ जो दुकानदार कंपनीला किंवा नोंदणी असलेल्या पुनर्चक्रण कारखान्याला परत पाठवतो, तो ताठ मानेने सांगेल. जो गुळमुळीत बोलेल, त्याच्याकडून नवीही घेऊ नका. चार गिऱ्हाइकांनी हा प्रश्न विचारला की पाचव्याच्या आधी दुकानदार आपली व्यवस्था लावतो. तुमच्या प्रश्नात तेवढा जोर आहे.

हा प्रश्न विचारायचा आग्रह मी का धरते, ते ऐका. सेनेगल देशात, डाकार शहराच्या कडेला थिआरोये-सुर-मेर नावाची वस्ती आहे. तिथे बरीच वर्षं उघड्यावर जुन्या बॅटऱ्या फोडल्या जात. माती शिशाने भरली होती. मग त्या मातीलाच गिऱ्हाईक आलं. शिशाचा भाव चढला होता, माती चाळून शिसं निघत होतं. बायकांनी माती पोत्यांत भरली, घरी आणली, अंगणात चाळली. पोरं भोवती खेळत होती. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या पाच महिन्यांत तिथली १८ मुलं गेली. अगदी लहान मुलं. आयांना वाटत होतं, घरबसल्या चार पैशांचं काम मिळालं.

त्या आयांमध्ये आणि आपल्यात काय फरक आहे? एकच. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला आता माहीत आहे.

केनियात मोम्बासाजवळ ओविनो उहुरु नावाची दाट वस्ती आहे. तिच्या भिंतीला भिंत लावून बॅटऱ्यांमधलं शिसं गाळणारा कारखाना उभा राहिला. फिलिस ओमिडो तिथे नोकरीला होत्या. त्यांचं तान्हं बाळ आजारी पडलं, ताप हटेना. डॉक्टर नेहमीचे रोग शोधत राहिले. शेवटी रक्तात शिसं सापडलं. बाळ तर कधी भट्टीजवळ गेलंच नव्हतं, ते आईच्या दुधावर होतं. त्या बाई पुढे लढल्या, २०१४ साली तो कारखाना बंद झाला, २०१५ साली त्यांना गोल्डमन पुरस्कार मिळाला. पण पुरस्काराहून मला ते दूध विसरता येत नाही. शिसं आईच्या हाडांत जाऊन बसतं आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतं. ती गरोदर राहिली की बाळाची हाडं घडवायला तिच्या हाडांतून कॅल्शियम निघतं, आणि त्याच्या पाठोपाठ जुनं शिसंही निघतं. आज भट्टीशेजारी खेळणारी सात-आठ वर्षांची मुलगी उद्या आई होईल. तिच्या लेकराच्या वाट्याचं विष आजच तिच्या हाडांत भरलं जातंय.

हे सगळं लांबच्या देशांत घडतं असं म्हणून सुटता येणार नाही. २०२० साली युनिसेफ आणि ‘प्युअर अर्थ’ या संस्थेने मिळून अहवाल काढला. जगातल्या दर तीन मुलांतल्या एकाच्या रक्तात ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं असावं, असा त्यांचा अंदाज आहे. एकट्या भारतात अशी सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलं. शिसं भांड्यांतून येतं, रंगातून येतं, मसाल्यातल्या भेसळीतूनही येतं. पण जगात वापरल्या जाणाऱ्या शिशातलं ऐंशी टक्क्यांहून जास्त बॅटऱ्यांतच जातं, आणि बॅटऱ्या कशाही फोडणं हे त्या अहवालाने मोठं कारण म्हणून पुढे ठेवलं आहे.

तरी खचू नका. आपण हे एकदा करून दाखवलं आहे. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसं असायचं. २००० साली देशभर बिनशिशाचं पेट्रोल आलं, आणि पुढे मुंबईतल्या मुलांचं रक्त तपासलं तेव्हा त्यातलं शिसं आधीपेक्षा उतरलेलं दिसलं. वाट बंद केली की पोरांचं रक्त निवळतं. पेट्रोलची वाट सरकारने बंद केली. बॅटरीची वाट मात्र एका हुकुमाने बंद होत नाही. ती घराघरातून, दारादारातून बंद करावी लागते.

आणि खरं तर शिसं ही परत येण्यासाठीच घडवलेली वस्तू आहे. ते कितीही वेळा वितळवा, शुद्ध करा, त्याचा कस उतरत नाही. तुमच्या आजच्या बॅटरीतलं शिसं याआधी दोन-तीन बॅटऱ्यांमधून फिरून आलेलं असू शकतं. नीट चालवलेल्या कारखान्यात पेटी बंद यंत्रात फुटते. ॲसिड जमिनीत जात नाही, ते निष्प्रभ करतात किंवा परत वापरतात. प्लॅस्टिकची पेटी धुऊन तिचे दाणे पाडतात, त्या दाण्यांची नवी पेटी होते. भट्टीवरचा धूर ओढून घेतात, पिशव्यांच्या गाळण्यांत धूळ अडवतात. कामगार मास्क लावतो, आंघोळ करून, कपडे बदलून घरी जातो, त्याचं रक्त ठरावीक काळाने तपासलं जातं. शिसं पुन्हा प्लेट होऊन पुन्हा कुणाच्या तरी जिन्याखाली येतं. खाण नको, चोरटी भट्टी नको. प्लॅस्टिकच्या पिशवीचं असं होत नाही, थर्माकोलचं होत नाही. बॅटरीचं होतं. फक्त ती त्या वाटेला लागली पाहिजे.

मग सगळ्या तिकडेच का जात नाहीत? भावामुळे. गाळण्या, औषधपाणी, कर, पगार, हा सगळा खर्च सरळ मार्गाने चालणाऱ्या कारखान्याला पडतो. चोरट्या भट्टीला त्यातलं काहीच पडत नाही, म्हणून ती भंगारवाल्याला जास्त देऊ शकते आणि भंगारवाला तुम्हाला. तुमच्या हातात आलेले ते वरचे दोन-चारशे रुपये कुठल्या तरी वस्तीतल्या पोराच्या रक्तातून वसूल झालेले असतात. मी हे कठोरपणे लिहिते आहे, कारण हे असंच आहे.

कायदा आहे. आजचा नाही, २००१ पासूनचा आहे. दुकानदाराने जुनी बॅटरी परत घ्यावी, रास्त सूट द्यावी, ही गोष्ट २००१ च्या नियमांत होती. २०२२ साली त्यांच्या जागी नवे नियम आले. बॅटरी बनवणाऱ्या आणि बाहेरून आणणाऱ्या कंपनीवर ती गोळा करून पुनर्चक्रणाला पाठवायची जबाबदारी टाकली. तुमच्या बॅटरीवर बघा, चाकाच्या कचरापेटीवर काट मारलेलं चिन्ह असेल. कचऱ्यात टाकू नका, असं ते सांगतं. त्याच नियमांत ग्राहकाचंही कर्तव्य लिहिलं आहे. जुनी बॅटरी इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवायची आणि गोळा करणाऱ्या किंवा पुनर्चक्रण करणाऱ्या अधिकृत माणसाच्याच हाती द्यायची. कंपनी गोदाम उघडेल, गाडी पाठवेल, नोंदवही ठेवेल. पण कंपनी तुमच्या जिन्याखाली वाकून बॅटरी काढायला येणार नाही. साखळीतली पहिली कडी तुम्ही आहात. ती निसटली की पुढच्या सगळ्या कड्या नुसत्याच लोंबकळत राहतात.

आता घराबाहेर बघा. तुमच्या सोसायटीच्या लिफ्टला बॅटरी आहे, जनरेटरला आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत संगणकाला आहे. ग्रामपंचायतीच्या सौर दिव्यांच्या खांबांवर आहे. दवाखान्यात आहे, पतसंस्थेत आहे, गणेशोत्सव मंडळाच्या कपाटात आहे. तुम्ही सेक्रेटरी असाल, सरपंच असाल, मुख्याध्यापक असाल, तर एक गोष्ट आजच ठरवा. जुन्या बॅटऱ्यांचा लिलाव सर्वात जास्त बोली लावणाऱ्याला करू नका. नोंदणी असलेल्यालाच करा. त्याचं नोंदणीपत्र मागा, झेरॉक्स फायलीला लावा. ‘लेखापरीक्षणात कमी पैसे आले म्हणून विचारतील’ ही भीती मला ठाऊक आहे. सभेत ठराव करून घ्या, कारण लिहा, नियमाचं वर्ष लिहा. मग तुम्हाला कुणी बोट लावू शकत नाही.

ई-रिक्षावाल्या दादांनो, तुमच्याशी वेगळं बोलायचं आहे. तुमच्या गाडीत चार-चार बॅटऱ्या आणि वर्ष-दीड वर्षात त्या उतरतात. घरातला इन्व्हर्टर वर्षानुवर्षं चालतो, तुमचा फेरा कितीतरी लवकर येतो. एक स्टँड धरला तरी वर्षाला केवढं शिसं झालं! तुम्ही स्टँडवरचे सगळे मिळून एका दुकानदाराशी बोला. सगळ्यांच्या जुन्या बॅटऱ्या एकदम द्या, भाव ठरवून घ्या, पावती घ्या. एकट्याला जो भाव मिळत नाही तो वीस जणांना मिळतो.

आणि भंगारवाल्या दादा, हे सगळं तुमच्या विरुद्ध लिहिलेलं नाही. तुम्ही नसतात तर आमची गावं उकिरड्याखाली गेली असती. तुमच्याही घरी पोरं आहेत. तीच पोरं गोदामात खेळतात, तुमच्याच शर्टावर बसून शिसं घरी येतं. बॅटरी फोडू नका. ॲसिड ओतू नका. अख्खी, उभी ठेवा आणि अख्खीच अधिकृत गोळा करणाऱ्याला द्या. घरी गेल्यावर लेकराला उचलायच्या आधी हात धुवा, कपडे बदला. आणि वाचणाऱ्यांनो, तुमचा नेहमीचा भंगारवाला ओळखीचा, भरवशाचा असेल तर त्याला घेऊनच बॅटरीच्या दुकानात जा. त्याची दुकानदाराशी गाठ घालून द्या. एवढी माणसं गल्लीबोळ हिंडतात, त्यांना या कामात घेतल्याशिवाय ते होणार नाही.

तुमच्या आसपास रात्रीचा धूर येतो का? फोडलेल्या काळ्या पेट्यांचे ढीग दिसतात का? ओढ्याकाठचं गवत एका पट्ट्यातच जळून गेलंय का? मग गप्प बसू नका. महाराष्ट्रात असाल तर राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जवळच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या, गोव्यात असाल तर तिथल्या मंडळाकडे. अर्जाची पोच घ्या. एकट्याने नको, दहा सह्या घेऊन जा. आणि त्या वस्तीतल्या मुलांसाठी डॉक्टरांना सरळ म्हणा, ‘रक्तातलं शिसं तपासायचं आहे.’ पोट दुखतंय एवढंच सांगाल तर जंताचं औषध मिळेल. तपासणी होईपर्यंत मुलांचे हात जेवणाआधी धुवा, घर कोरडं झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. पालेभाजी, नाचणी, दूध पोटात जाऊ द्या, उपाशी पोटी शिसं जास्त भिनतं. पण हे तात्पुरतं आहे. भट्टी पेटती ठेवून फरशी कितीही पुसली तरी धूळ येतच राहणार. आणि भट्टी पेटती राहते ती आपण दिलेल्या बॅटऱ्यांवर.

म्हणून पुढच्या वर्षी नको, पुढच्या महिन्यात नको. हातगाडी उद्या सकाळी पुन्हा येणार आहे.

आज संध्याकाळी जिन्याखाली वाका. बॅटरी उभीच ठेवा, आडवी करू नका, बूच उघडू नका, ॲसिड मोरीत ओतून ‘हलकी’ करू नका. जिथे तारा जोडतात त्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा. पोरांचा हात पोहोचणार नाही अशा जागी सरकवा. मग तिच्यावरची धूळ ओल्या फडक्याने पुसा आणि कंपनीचं नाव वाचा. उद्या दुकानं उघडली की जवळच्या विक्रेत्याला फोन करा. म्हणा, ‘जुनी बॅटरी परत द्यायची आहे. किती कमी कराल, आणि पुढे कुठे पाठवता?’ उत्तर पटलं तर गाडी बोलवा, पटलं नाही तर दुसरं दुकान लावा. आणि फोन ठेवायच्या आधी शेजारचं दार वाजवा. त्यांच्याही जिन्याखाली एक आहे.